दाराशी ठेवलेला गोळा

मामाच्या घराचं पुढचं दार वाऱ्याने आपटतं. आजोबांच्या वेळेपासून आपटतं. म्हणून त्याला एक लोखंडी गोळा टेकवून ठेवलेला असायचा, आणि तो अजूनही तिथेच असतो. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तो अंगणभर लोळवायचो. फरशीवरून जाताना त्याचा घरघर असा आवाज यायचा आणि माजघरातून आज्जी ओरडायची, "गोटा ठेवा जागेवर!" तिच्या लेखी तो गोटाच होता. आजोबांच्या वडिलांना नांगरताना सापडला, फाळाला अडकला, घरी आणला, एवढीच त्याची कहाणी. बरीच वर्षं मलाही त्याहून जास्त काही विचारावंसं वाटलं नाही.

माझं आजोळ जालना जिल्ह्यात, भोकरदनकडे. तिथून असई जवळच. मामाच्या बोलण्यात असई यायची ती सोयरीक, बैलजोडी किंवा कुणाचं तरी लग्न या निमित्तानेच. शाळेच्या इतिहासात ती एका ओळीत आली होती: १८०३, असई, शिंदे आणि भोसले यांचा पराभव. ती ओळ मी परीक्षेत लिहिली आणि मार्कही मिळवले. पण आपण मामाकडे जाताना ज्या फाट्यावरून वळतो तीच ही असई, हे डोक्यात शिरायला मला तिशी गाठावी लागली. पुढे इंग्रजी नकाशांवर 'असाये' असं नाव दिसलं, त्याच्या वर-खाली दोन नद्या दिसल्या, एकीवर केळणा आणि दुसरीवर जुई असं लिहिलेलं वाचलं आणि मी नकाशा हातातून खाली ठेवला. केळणेत मी पोहायला शिकले आहे.

त्या दिवाळीत मामाकडे गेल्यावर पहिलं काम केलं ते गोळा वजन करायचं. गावातल्या कापूस घेणाऱ्याच्या काट्यावर ठेवला. अडीच किलोच्या वर भरला. पावणेतीनला थोडा कमी, आणि इतक्या वर्षांच्या गंजाने वरचे पापुद्रे गेलेले. सहा पौंडी तोफेचा गोळा जेवढा असायला हवा, तेवढाच. काट्यावरून उचलताना तो पहिल्यांदा जड लागला.

पुढच्या वर्षी मुद्दाम २३ सप्टेंबरला, लढाईच्या तारखेला, असईला गेले. मामा म्हणाला, "काय बघायचंय माय तिथं? नदी हाय अन् वावरं हायेत." तरी गाडी काढली त्यानेच.

खरंच नदी होती आणि वावरं होती. कपाशी कमरेला आलेली, मका त्याहून उंच, बांधाला बाभळी. पाऊस नुकताच उघडला होता आणि चपलेला काळ्या मातीचा थर बसत होता. दोन पावलं टाकली की पाय दुप्पट जड. अशा मातीतून बैलांनी तोफांचे गाडे कसे ओढले असतील, हा विचार सगळ्यात आधी आला. केळणेला मातकट पाणी होतं, काठ उभे कापल्यासारखे. कुठूनही उतरावं म्हटलं तर उतरता येत नाही, जागा शोधावी लागते. त्या लढाईचं अर्धं गणित या उभ्या काठांत आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता. २१ सप्टेंबरला बदनापूरला त्याने दुसऱ्या इंग्रज फौजेच्या कर्नल स्टीव्हन्सनबरोबर बेत ठरवला होता की दोघांनी दोन वाटांनी यायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा. २३ला सकाळची मोठी मजल मारून तो नळणीजवळ पोचला तर कळलं की मराठ्यांचा तळ भोकरदनला नाही, इथेच आहे, दोन-तीन कोसांवर, केळणेपलीकडे. स्टीव्हन्सन लांब होता. वेलस्लीजवळ लढणारी माणसं जेमतेम पाच हजार. म्हैसूरचं आणि पेशव्यांचं घोडदळ वेगळं. तोफा वीसच्या आसपास. समोर दौलतराव शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने तयार केलेल्या पलटणी, शंभरावर तोफा, आणि शिंदे-भोसल्यांचं तीस-चाळीस हजारांचं घोडदळ. त्याने थांबायचं नाही असं ठरवलं.

समोरून केळणा ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडात जाणं. वाटाडे सांगत होते की दुसरा उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या अलीकडे आणि पलीकडे, समोरासमोर, दोन गावं. पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळ जवळ गावं आहेत तर माणसांचं येणं-जाणं असणारच, आणि येणं-जाणं आहे तर उतारही असणारच, असं त्याने ताडलं. माणूस पाठवून खात्री केली. उतार होता.

हे वाचलं तेव्हा त्याच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. तिथे उभी राहिले तेव्हा वेगळंच वाटलं. ज्या पायवाटेने लेकी माहेरी येतात, बाजाराला बैलगाडी जाते, कुणी दळणाचं पायलीभर धान्य घेऊन पलीकडे जातं, त्या वाटेवरून ती फौज आत आली. रोजच्या राबत्याची ती वाट परक्या माणसाने तासाभरात वाचली, आणि तळ टाकून बसलेल्या आपल्या एवढ्या मोठ्या फौजेतल्या कुणीही तिथे चार तोफा आणि एक पलटण आधीपासून रोखून ठेवली नव्हती. मी उताराकडे बघत बराच वेळ बसले. मामाने विडी पेटवली. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पाण्यातून आली. पाणी तिच्या गुडघ्याच्या जरा खाली होतं.

मात्र मराठ्यांच्या तोफा काही गप्प बसल्या नव्हत्या. नदी ओलांडतानाच एका गोळ्याने वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं मुंडकं उडवलं. आणि पुढे जे झालं ते वेलस्लीच्या हिशेबात नव्हतं. शिंद्यांच्या कंपूंचा मुख्य होता अँथनी पोहलमान, हॅनोव्हरचा, एके काळी कंपनीच्याच फौजेत सार्जंट असलेला. इंग्रज बगलेवर उतरताहेत हे दिसताच त्याने आपली सगळी फळी फिरवली. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या पलटणी, तोफा, गाडे, बैल, सगळं पूर्वेकडे वळलं. उजवी बाजू केळणेला, डावी असई गावाला आणि जुईला टेकलेली, मधे तोफांची रांग. कवायतीची फौज म्हणजे काय ते इथे दिसतं. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सरदाराकडून वीस वर्षांपूर्वी जे घडवायला घेतलं, ते त्या दुपारी या चिखलात आखल्यासारखं वळलं. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं.

मग तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि त्यांचे गोलंदाज इतक्या लवकर पडले की त्या मागेच सोडून पायदळाला संगिनी रोखून पुढे जावं लागलं. डावीकडे, केळणेच्या बाजूने, ७८वी हायलँडर पलटण गेली. मधे मद्रासच्या देशी पलटणी. उजव्या बाजूच्या तुकडीला असई गावापासून लांब राहायचा हुकूम होता, ती चुकून गावाकडेच भरकटली आणि तिच्या मागोमाग ७४वी पलटणही. असईच्या भिंतीआडून आणि गावाबाहेरच्या तोफांमधून छऱ्यांचा जो मारा झाला त्यात ७४व्या पलटणीचं जवळजवळ काही उरलं नाही. इंग्रज घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल याने घोडदळ घालून तिची उरलीसुरली माणसं वाचवली.

माझ्या मनात ज्यांनी घर केलंय ते सेनापती नाहीत. ते गोलंदाज आहेत.

तोफेवर एकटा माणूस काही करू शकत नाही. एकाने ओला पोचारा आत फिरवून जळकी ठिणगी विझवायची, दुसऱ्याने दारूची थैली घालायची, मग गोळा किंवा छरे, तिसऱ्याने गजाने ठासायचं, चौथ्याने कानात सळई घालून थैली फोडायची आणि बारूद भरायची, पाचव्याने बत्ती द्यायची. तोफ धक्क्याने मागे यायची, सगळ्यांनी मिळून ती पुन्हा पुढे रेटायची. मधला एक पडला की शेजारच्याने त्याचं काम आपल्या कामात धरायचं. समोर धूर, काही दिसत नाही, फक्त पावलांचा आवाज जवळ येतोय. बंदुकवाला मागे सरता सरता लढू शकतो. तोफेचा माणूस तोफ सोडूनच मागे जाऊ शकतो. असईला त्यांनी तोफा सोडल्या नाहीत. संगिनी अंगावर येईपर्यंत भरत आणि डागत राहिले, आणि बहुतेक जण तोफांपाशीच मारले गेले. हे त्यांच्या शत्रूने लिहून ठेवलंय.

याच्याही पुढची गोष्ट आहे. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे गेली, शिंद्यांची पायदळं मागे हटली, तेव्हा तोफांखाली पडलेले काही गोलंदाज उठले. ते मेल्याचं सोंग करून पडून राहिले होते. त्यांनी तोफा उलट्या फिरवल्या आणि पुढे गेलेल्या इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला ७८वी पलटण मागे वळवून, स्वतः देशी घोडदळ घेऊन, त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या.

मी त्या क्षणापाशी पुन्हा पुन्हा जाते. लढाई हरलेली आहे, हे त्यांना जमिनीवर पडल्या पडल्या कळत होतं. कानाशेजारून बूट गेलेत, आपली माणसं लांब गेलीत. आणखी थोडा वेळ पडून राहिलं तर अंधार पडेल, अंधारात जुईच्या पात्रातून निसटता येईल. तरी माणूस उठतो, शेजारच्याला हात देतो, दोघं-तिघं मिळून गाड्याची चाकं चिखलातून फिरवतात. त्यातल्या एकाचंही नाव मला कुठे सापडलं नाही. सेनापतींची नावं आहेत, वेलस्लीच्या त्या दिवशी भाला लागलेल्या घोड्याचंसुद्धा आहे. डायोमेड.

दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले लढाई संपायच्या आधीच मैदान सोडून गेले होते. त्यांचं ते प्रचंड घोडदळ जवळजवळ न लढता परतलं. दौलतराव तेव्हा २४ वर्षांचे होते. वय सांगून त्यांना सोडून द्यावंसं मला वाटत नाही; तोफेवरची कित्येक पोरं त्यांच्याहून लहान असतील.

मी 'आपले गोलंदाज' म्हणते. माझ्या एका पुण्याच्या मैत्रिणीने हटकलं होतं, की शिंद्यांच्या कंपूतली माणसं मराठी कुठे होती? बरोबर आहे. त्यातली पुष्कळशी अवध, रोहिलखंड, राजपुताना अशा भागांतली. त्यांच्या पितळी तोफा उत्तरेतल्या आग्र्याच्या कारखान्यांत ओतलेल्या. वेलस्लीच्या हाती ९८ तोफा लागल्या, आणि त्यातल्या पितळी तोफांइतक्या उत्तम आपण पाहिल्याच नाहीत, असं त्याने लिहिलं. समोरच्या बाजूला मद्रासचे शिपाई होते, त्यांच्या शौर्याची खूण म्हणून असईचा हत्ती आजही आपल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आहे. तरी मी त्यांना आपले म्हणते. केळणेच्या काठी, माझ्या मामाच्या शिवारात, ते शेवटपर्यंत उभे राहिले. आणखी कसले पुरावे हवेत?

आणि 'आपले' हा शब्द त्या दिवशी सोपा नव्हताच. केळणेच्या दक्षिणेला, शिंदे-भोसल्यांच्या स्वारांवर नजर ठेवून, इंग्रजांच्या बाजूने पेशव्यांचं पथक उभं होतं. त्या मोहिमेत वेलस्लीबरोबर पेशव्यांकडून आलेल्या सरदारांत बापू गोखले होते. तेच बापू गोखले ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीच्या रणात इंग्रजांवर चालून गेले आणि २० फेब्रुवारी १८१८ला आष्टीला लढता लढता पडले. वेलस्लीच्या दिमतीला २३ वर्षांचा एक तरुण मुलकी अधिकारी होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. असईची लढाई त्याने घोड्यावरून पाहिली. खडकीच्या वेळी पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, तोच होता. चौदा वर्षांनी हे दोघं समोरासमोर आले.

बापूंना असईच्या दिवशी काय वाटलं असेल? पलीकडच्या काठावर धूर, आवाज, आणि समोर मराठी स्वार. अकरा महिन्यांपूर्वी, २५ ऑक्टोबर १८०२ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे या दोघांच्या फौजेचा धुव्वा उडवला होता. त्याच्या आधीच्या वर्षी पेशवे दुसऱ्या बाजीरावांनी यशवंतरावांच्या भावाला, विठोजींना, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. हडपसरनंतर बाजीराव वसईला पळाले, ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसले, आणि त्या तहामुळे हे युद्ध. असईच्या दिवशी होळकर कुठे होते? लांब, अलिप्त. शिंद्यांना मोडू दे, मग बघू, असं ज्याला त्याला वाटत होतं. १८००च्या मार्चमध्ये नाना फडणवीस गेले, त्याआधी १७९४ला महादजी. या सगळ्यांना एका सतरंजीवर बसवू शकेल असं कुणी उरलं नव्हतं. मला उताराच्या चुकीपेक्षा हे जास्त टोचतं. उतार एका दुपारी चुकला. हे वर्षानुवर्षं चुकत होतं.

पुढचं झपाट्याने घडलं. २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, १७ला भोसल्यांचा देवगावचा तह, ३०ला शिंद्यांचा सुर्जी अंजनगावचा. त्याच काळात उत्तरेत दुसरा इंग्रज सेनापती लेक याने अलीगड, दिल्ली आणि लासवारीला शिंद्यांचे बाकीचे कंपू मोडले. दिल्ली गेली, अहमदनगर गेलं, भडोच गेलं. पोहलमान पुन्हा कंपनीच्या सेवेत गेला.

मला त्या रात्रीबद्दल मात्र लिहायचंय. संध्याकाळी लढाई संपली. इंग्रजांचे ४२८ मेले, १,१३८ जखमी झाले. लढणारे पाच हजार धरले तर दर तिघांत एक. मराठ्यांकडे हजाराच्या वर मेले असावेत, जखमी त्याच्या कितीतरी पट. मॅक्सवेल शेवटच्या चढाईत पडला. वेलस्ली त्या रात्री बराच वेळ डोकं गुडघ्यांत घालून बसून होता म्हणतात. पुढे त्याने वॉटर्लू जिंकलं, तरी म्हातारपणी कुणी विचारलं की तुमच्या हातून लढाईतलं सगळ्यात चांगलं काम कुठलं झालं, तर त्याने असईचं नाव घेतलं. त्याचे जखमी पुढे अजिंठा गावात नेले. तिथे त्यांचा दवाखाना उभा राहिला.

आणि आपले जखमी? त्यांच्या नशिबी दवाखाना नव्हता. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला, तोवर पाठलागही झाला नाही. म्हणजे एक अख्खी रात्र आणि एक दिवस ती माणसं त्या शिवारात पडून होती. अमावास्या होऊन सात दिवस झाले होते. आकाशात अर्धा चंद्र असणार, आणि तो मध्यरात्रीच्या सुमाराला मावळला असणार. तोवर पावसाळी नदीचा आवाज आणि चांदण्यात माणसं. पाणी दोन्ही बाजूंना, आणि तिथवर सरकता येत नाही. आसपासच्या गावांतली माणसं बाहेर आली असतील का? असई, वरूड, पिंपळगाव, अशा प्रत्येक गावात एक तरी बाई असेलच जी तांब्या घेऊन निघाली असेल. हे मी कुठे वाचलेलं नाही. माझ्या आज्जीला ओळखत होते म्हणून लिहितेय. दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय तिने नाव विचारल्याचं मला आठवत नाही.

दुपार कलली तेव्हा आम्ही असई गावातून निघालो. पारावर चार म्हातारे बसले होते. मी लढाईचं विचारलं तर एक जण म्हणाला, "व्हती म्हणतात इंग्रजाची लढाई. आमच्या वावरात बी निघायचे गोळे." कुठे गेले ते गोळे? "भंगारवाल्याला दिले की." त्याने हे सहज सांगितलं आणि मलाही त्यात वावगं वाटलं नाही. लोखंड होतं, विकलं. पण एखादा दगड तरी तिथे असावा, ज्यावर लिहिलेलं असेल की इथे गोलंदाज पडले. नावं नसली तरी चालतील. हे मी मामाला गाडीवर मागे बसून सांगत होते, वाऱ्यात त्याला किती ऐकू गेलं कुणास ठाऊक.

घरी पोचलो तर मामीने चहा टाकलेला. मी दाराशी उकिडवी बसून गोळा हातात घेतला, पदराने पुसला. त्यावर एका बाजूला बोटभर लांबीची खोलगट रेघ आहे, फाळाची असेल. मामा चहाचा कप घेऊन शेजारी टेकला.

"कुणाचा म्हणायचा मग हा?" त्याने विचारलं. "आपला का इंग्रजाचा?"

सहा पौंडी तोफा दोन्हीकडे होत्या. हा गोळा शिंद्यांच्या पितळी तोफेतून सुटला असेल, किंवा मरून पडलेल्या बैलांच्या मागे अडकलेल्या इंग्रजी गाड्यावरचा असेल, किंवा पडलेला माणूस उठून फिरवलेल्या तोफेतून परत उलट्या दिशेला गेला असेल. मी मामाला ते तिन्ही सांगितलं, नीट, हाताने दिशा दाखवून. तो ऐकत होता.

"तू घेऊन जा," तो म्हणाला. "तुझ्याकडं नीट राहील."

तेवढ्यात वारा सुटला आणि दार आपटलं. मी गोळा परत त्याच्या खाली सरकवला.